एकराने घेतलं, फुटाने विकलं

बीडमध्ये चार माणसं बसली आणि घराच्या भावाचा विषय निघाला, की पाच मिनिटांत घर बाजूला राहतं आणि प्लॉट सुरू होतो. चऱ्हाटा फाट्याकडे काय चाललंय, धानोरा रोडला फुटाला किती मागतात, कुणी कुठे ‘वीस बाय तीस’ घेऊन ठेवला आणि आता किती सांगतो. फ्लॅट कितीला गेला, हे फारसं कुणी विचारत नाही. पुण्या-मुंबईत घराचा पुरवठा म्हणजे बिल्डरने उभे केलेले मजले. इथे माणूस आधी जमीन धरतो. बांधकाम सवडीने, कधी मुलाच्या नोकरीनंतर, कधी मुलीचं लग्न उरकल्यावर, आणि कधी होतच नाही. म्हणून बीडच्या घरबाजाराचा पुरवठा समजून घ्यायचा तर शहराच्या कडेचं शेत कधी, कसं आणि कोणत्या कागदावर फुटलं, हे पाहावं लागतं.

आकड्यांची मदत फार मिळत नाही. राष्ट्रीय आवास बँकेचा ‘रेसिडेक्स’ हा घरभावांचा निर्देशांक 50 शहरांचा आहे. त्यात बीडला जागा नाही. जनगणना शेवटची झाली ती 2011 मध्ये. तेव्हा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 25 लाख 85 हजार होती, बीड शहराची 1 लाख 46 हजारांच्या वर, आणि जिल्ह्यातली पाचापैकी चार माणसं खेड्यात राहत होती. आजही नगरपालिकेच्या योजना याच जुन्या आकड्यांवर बेतल्या जातात. भावाचा सरकारी दस्तऐवज एकच, तो म्हणजे रेडीरेकनर. तो 2023 आणि 2024 अशी सलग दोन वर्षं जागचा हलला नाही. 1 एप्रिल 2025 पासून राज्यात वाढवला गेला, तेव्हा नगरपालिका-नगरपंचायत क्षेत्रांची सरासरी वाढ 5 टक्क्यांच्या जरा आत होती. पण रेडीरेकनर थांबला म्हणून बाजार थांबत नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी वाचवायला खरेदीखतावर सरकारी दराला चिकटून रक्कम घालायची आणि बाकीचे हातोहात द्यायचे, ही रीत साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यामुळे इथल्या खऱ्या भावाची नोंद दलालाच्या डोक्यात असते आणि दुय्यम निबंधकाकडे असते ती त्याची सावली.

तेव्हा हिशेब आपणच मांडू. उदाहरण कल्पित आहे, पण रीत खरी. रस्त्यालगतचं एक एकर शेत. एकर म्हणजे 40 गुंठे, गुंठा 1,089 चौरस फुटांचा. एकूण 43,560 चौरस फूट. हे शेत सगळे नियम पाळून प्लॉटिंगला काढलं, तर आधी रेखांकन मंजूर करून घ्यायचं. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर 2020 मध्ये आली. तिच्यानुसार 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात 10 टक्के जागा खुली सोडावी लागते. रस्ते नियमाच्या रुंदीचे ठेवायचे, म्हणजे आणखी 30 टक्क्यांच्या आसपास गेले. हातात राहिलं 26 हजार फूट. वीस बाय तीसचे 43 प्लॉट. तेच शेत ‘कच्च्या लेआउट’ने फोडलं तर खुली जागा नाही, रस्ता पंधरा फुटी, तोही मुरूम टाकून दोन पावसाळे टिकेल इतपत. हातात 36 हजार फूट; प्लॉट 60. शेतमालकाला एकरी 60 लाख दिले असं धरलं, तर पहिल्या रीतीत नुसत्या जमिनीची किंमत फुटाला 230 रुपये पडते आणि दुसरीत 167. पहिल्यात त्यावर नाली, विजेचे खांब, मोजणी आणि मंजुरीचा खर्च चढतो. दुसऱ्यात चुन्याची फक्की, सिमेंटचे ठोकळे आणि कमानीवर नगराचं नाव एवढ्यावर भागतं.

यातली एक बारीक गोष्ट मला फार बोलकी वाटते. खुल्या जागेची अट 4,000 चौरस मीटरला लागते आणि एकर भरतो 4,047 मीटर. म्हणजे एक गुंठा बाजूला ठेवून 39 गुंठ्यांचं रेखांकन केलं, की मुलांना खेळायला सोडायच्या जागेचे सहा-सात प्लॉट पाडता येतात. त्यात नियम मोडला असंही म्हणता येत नाही. शहराच्या कडेला एकरा-एकराने वाढत गेलेल्या वसाहतींमध्ये मैदान का सापडत नाही, याचं अर्धं उत्तर या 47 मीटरांत आहे.

कच्चा आणि पक्का यांतली दरी कागदाची आहे, आणि बीडच्या बाजारात भाव सर्वांत जास्त हलवतो तो कागदच. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन प्लॉट, माती एक, अंतर एक. पण एकाला अकृषिक आदेश, मंजूर नकाशा, महारेराचा क्रमांक, आणि दुसऱ्याला नुसत्या बॉण्डवरची नोटरी. पहिल्यावर राष्ट्रीयीकृत बँक तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट बघून कर्ज देते. दुसऱ्यावर देत नाही. तिथे पतसंस्था, मल्टिस्टेट, नातेवाईक किंवा सावकार. म्हणजे स्वस्त प्लॉट घेणारा गरीब माणूस व्याज मात्र महागाचं भरतो. बाहेरून आलेला गिऱ्हाईक दोन प्लॉटच्या भावातली तफावत बघून हरखतो आणि इथेच फसतो. महारेराची नोंदणी 500 चौरस मीटरवरच्या प्लॉटिंगलाही लागते, हे 2017 पासून लागू आहे. तरी नगराच्या फलकावर क्रमांक शोधावा लागतो.

हा नोटरीचा बाजार लोकांच्या अडाणीपणामुळे वाढला, असं शहाणी माणसं म्हणतात. मला ते पटत नाही. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याचा हेतू शेतीचे बारीक तुकडे होऊ नयेत हा होता, आणि तो चांगलाच होता. पण ज्याला 600 फूट हवेत त्याला त्या कायद्याने कित्येक गुंठ्यांखाली खरेदीच करता येईना. ऑगस्ट 2023 मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांसाठी ही किमान मर्यादा, म्हणजे प्रमाणभूत क्षेत्र, जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे असं खाली आणलं, त्याआधी ते बरंच मोठं होतं. वीस गुंठे म्हणजेही जवळपास 22 हजार फूट. शिक्षकाने, कंडक्टरने, हातगाडीवाल्याने करायचं काय? मग वाटा निघाल्या. एक, दहा-वीस जणांनी मिळून एकच सामाईक खरेदीखत करायचं आणि आपापल्या कोपऱ्यावर कुंपण घालायचं. सातबाऱ्यावर नावांची रांग, पण कुणाचा कोपरा कुठला ते कागदावर नाही. दुसरी, बॉण्डवर कब्जा घ्यायचा. जुलै 2021 मध्ये नोंदणी विभागाने परिपत्रक काढून अशा लहान तुकड्यांची दस्तनोंदणी आवळली. मे 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं. मधल्या दहा महिन्यांत लोकांची प्लॉटची गरज थांबली नव्हती. ती सगळी नोटरीकडे वळली. कायदेशीर पुरवठा आटला की बेकायदा पुरवठा वाढतो, आणि त्याचा भाव कमी दिसतो तो पुढचा धोका गिऱ्हाइकाच्या गळ्यात टाकलेला असतो म्हणून.

मराठवाड्यात या गुंत्याला निजामी पीळ आहे. सप्टेंबर 1948 पर्यंत बीड हैदराबाद संस्थानात होतं. मशिदीच्या, दर्ग्याच्या, देवळाच्या सेवेसाठी दिलेल्या खिदमतमाश जमिनी, निर्वाहासाठी दिलेल्या मदतमाश जमिनी, देवस्थान इनामं, हे सगळं संस्थानाबरोबर संपलं नाही. पुढे 1954 चा इनाम रद्द करणारा कायदा आला, जमिनी वर्ग-2 मध्ये गेल्या आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात एक ओळ उरली. शहर वाढत वाढत या जमिनींवर आलं. वर्ग-2 ची जमीन परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही, आणि सेवेच्या जमिनीची मालकी सेवेकऱ्याकडे नसतेच. तरी अशा जमिनींचे व्यवहार झाले, गुन्हे दाखल झाले, वर्षानुवर्षं निकालाची वाट बघणं चालू आहे. म्हणून जुना दलाल सातबारा हातात आला की नाव नंतर वाचतो, आधी नजर इतर हक्कात घालतो. मग विचारतो, “बहिणींच्या सह्या झाल्यात का?” कारण वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा वाटा आहे. हक्कसोड नसेल तर पाच वर्षांनी भाचा दावा घेऊन उभा राहतो, तोवर प्लॉटवर दुमजली घर झालेलं असतं. हे दोन प्रश्न सुटले की मोजणी, चतुःसीमा, जायला वाट. वाट नकाशावर असून भागत नाही. मधल्या शेतकऱ्याने ती नांगरलेली नसावी लागते.

एवढी जोखीम असूनही प्लॉट विकले जातात, कारण बचत ठेवायला बीडच्या माणसाला दुसरं ठिकाण फारसं उरलेलं नाही. शेती पावसावर. सोनं घरात ठेवायची भीती. शेअर बाजार परका. आणि ठेवींचं काय झालं ते जिल्ह्याने डोळ्यांनी पाहिलंय. 2023 च्या अखेरीपासून बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये असंख्य ठेवीदारांचे पैसे अडकले, तपास सक्तवसुली संचालनालयापर्यंत गेला. निवृत्त शिक्षक, विधवा, दुकानदार, मुलीच्या लग्नाला ठेवलेले पैसे. त्या धक्क्यातून दोन परिणाम निघतात आणि ते उलट दिशांचे आहेत. हातातला पैसा अडकला म्हणजे प्लॉट घेणारे कमी होतात. आणि ज्याच्याकडे उरला तो म्हणतो, निदान जमीन पळून जात नाही. पहिला परिणाम सौदे मंदावतो, दुसरा भाव खाली येऊ देत नाही. म्हणून मंदीतही बीडमधला प्लॉटवाला भाव उतरवत नाही. तो नुसता ‘सध्या विकायचा नाही’ म्हणतो. अशा बाजारात मंदी भावात दिसत नाही, ती सौद्यांच्या संख्येत दिसते, आणि संख्या कुणी छापत नाही.

प्लॉट ही तिजोरी झाली, की त्यावर घर बांधायची घाई राहत नाही. शहराच्या कडेच्या कुठल्याही नगरात फिरा. पन्नास प्लॉटमध्ये बारा घरं, बाकी बाभळी. मालक पुण्यात, संभाजीनगरला, किंवा शेजारच्या तालुक्यात. रिकामा प्लॉट ठेवायला वर्षाला जवळजवळ काही लागत नाही, कारण आपल्याकडे जमीन अडवून ठेवण्यावर नगरपालिकेचा भार नगण्य असतो. परिणाम असा, की ज्याला खरंच राहायचंय त्याला या रिकाम्या प्लॉटांना वळसा घालून आणखी एक किलोमीटर बाहेर जावं लागतं. शहर विरळ पसरतं. बारा घरांसाठी पन्नास घरांची नाली खोदायची, तेवढीच तार ओढायची, तेवढीच पाइपलाइन. नगरपालिकेच्या तिजोरीला ते झेपत नाही, आणि नळ येत नाही.

पाण्याचं तर बोलायलाच नको. बीड शहराला माजलगाव धरणातून आणि बिंदुसरा नदीवरच्या पालीच्या तलावातून पाणी येतं, पण रोज नळ येणं हे इथे कुणी गृहीत धरत नाही. दोन पाण्यांमध्ये किती दिवस गेले, हे घराघरांत तोंडपाठ असतं. म्हणून घराच्या किमतीत जमिनीखालचा हौद, बोअर आणि उन्हाळ्यातले टँकर धरावे लागतात. भाड्याची खोली बघायला आलेली बाई आधी हौद किती लिटरचा ते विचारते, मग खिडकी बघते. ज्या गल्लीतलं बोअर मार्चनंतरही चालतं तिथला भाव वेगळा. उलट बाजूला बिंदुसरेचा काठ. जुलै 1989 मध्ये या नदीला आलेल्या पुराने शहरात माणसं नेली. आता निळ्या पूररेषेच्या आत बांधकामाला परवानगी नाही, पण काठचा प्लॉट स्वस्त असतो, नदी वर्षातले दहा महिने कोरडी असते, आणि गरज माणसाला विसरायला लावते.

रेल्वेबद्दल मात्र बीडकरांची आठवण पक्की आहे. अहिल्यानगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग नव्वदीच्या दशकाच्या मध्यात मंजूर झाला. आष्टीपर्यंत गाडी आली सप्टेंबर 2022 मध्ये, बीडला 17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा मुहूर्त साधून. म्हणजे मधे तीस वर्षं. जमिनीचा भाव गाडीची वाट बघत नाही. तो घोषणेबरोबर चढतो, सर्वेक्षणाच्या खुंट्यांबरोबर चढतो, भूसंपादनाच्या नोटिशीबरोबर चढतो. गाडी प्रत्यक्ष येते तेव्हा बहुतेक वाढ आधीच कुणाच्यातरी खिशात गेलेली असते. ज्याने पहिल्या घोषणेला कर्ज काढून जमीन धरली, त्याने तीस वर्षं व्याज भरलं. म्हणून ‘रेल्वे आली, आता भाव दुप्पट’ असं सांगणाऱ्या दलालाला एवढंच विचारावं, की कुठल्या सालापासून दुप्पट? धुळे-सोलापूर महामार्ग चौपदरी झाला आणि बाह्यवळण निघालं, त्याचा परिणाम याहून लवकर आणि याहून खरा झाला, कारण रस्त्यावर ढाबा, गोदाम, शोरूम लगेच उभं राहतं.

जिल्हा एक असला तरी बाजार एक नाही. अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सत्तरच्या दशकात आलं आणि भोवती शिकवण्या, वसतिगृहं, दवाखाने उभे राहिले. तिथे घर भाड्याच्या हिशेबाने बांधतात, वर दोन खोल्या आणि बाहेरून जिना. परळीत औष्णिक विद्युत केंद्र. 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी ते बंद ठेवावं लागलं, जुने संच कायमचे थांबले, आणि कायम पगाराच्या कर्मचाऱ्यांवर उभ्या असलेल्या गावाचं अशा वेळी काय होतं ते परळीला कळलं. राखेपासून विटा मात्र होत राहिल्या. आष्टीचं तोंड अहिल्यानगरकडे, पुण्याकडे. आणि जिल्ह्यातला नोकरदार पैसा तर केव्हाच वाघोली-हडपसरला पोहोचलाय. बीडची बचत पुण्याच्या फ्लॅटचा भाव चढवते, ही आकडेवारीत न दिसणारी गोष्ट आहे.

आता खेड्याकडे. दसरा-दिवाळी झाली की शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी, केज या भागांतून कोयत्याच्या जोड्या मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. परत येतात ते मार्च-एप्रिलमध्ये. सहा महिने घराला कुलूप, दारात म्हातारी माणसं. घर बांधायचं तेही या वेळापत्रकात. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या घरकुलाला 1 लाख 20 हजार मिळतात, तेही टप्प्याटप्प्याने. राज्याने 2025 मध्ये त्यात 50 हजारांची भर घालायचं ठरवलं. हप्ता कामाच्या टप्प्याचा फोटो निघाल्यावर पडतो. पण पायाचा हप्ता पडला आणि माणूस सांगलीच्या फडात असला, तर भिंती पुढच्या उन्हाळ्यात. तोवर वाळूचा आणि गवंड्याचा दर वाढलेला. घरकुलाला पाच ब्रास वाळू मोफत हे धोरण आहे. ती गोदावरीच्या किंवा सिंदफणेच्या पात्रातून आपल्या दारापर्यंत आणायचं भाडं मोफत नाही.

आणि ज्याला जागाच नाही, त्याचं काय? गावठाण पूर्वीचं, घरं वाढली, वाटण्या झाल्या. जागा खरेदीसाठी 500 फुटांपर्यंत 1 लाख रुपये देणारी पंडित दीनदयाल उपाध्याय योजना आहे. पण गावठाणाबाहेरचं 500 फुटांचं खरेदीखत करायला गेलं की तीच तुकडेबंदी आडवी यायची. एका खात्याने पैसे द्यायचे आणि दुसऱ्याने दस्त अडवायचा, असा हा प्रकार.

दुसऱ्या टोकाला, याच गावांतून चांगली दगडी घरं ओस पडताहेत. मुलांच्या शाळेसाठी आई तालुक्याला खोली करून राहते, बाप शेतावर, म्हातारे गेले की वाडा बंद. ग्लेझर आणि ग्यूर्को या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी 2005 मध्ये उतरणीला लागलेल्या शहरांबद्दल दाखवलं, की माणसं गेली तरी घरं जात नाहीत; म्हणून घराची किंमत बांधकामाच्या खर्चाच्याही खाली जाते आणि तिथे कुणी नवं बांधत नाही. जपानमध्ये 2023 च्या पाहणीत 90 लाख घरं रिकामी निघाली. आपल्याकडचं खेडं तिथवर गेलेलं नाही, पण गावातला वाडा विकायला काढा, सागवानाचे दरवाजे आणि तुळया यांचीच चौकशी आधी होते. याच वाड्याचा वारस बीडला 600 फुटांसाठी कर्ज काढतो.

कायद्याने अलीकडे बरीच माघार घेतली आहे. बेकायदा लेआउट नियमित करणाऱ्या 2001 च्या गुंठेवारी कायद्याची मुदत 2021 मध्ये वाढवून 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. तुकडेबंदी मोडून झालेले व्यवहार नियमित करण्याचं शुल्क बाजारमूल्याच्या 25 टक्क्यांवरून ऑक्टोबर 2024 मध्ये 5 टक्क्यांवर आलं. 2025 च्या अखेरीस आलेल्या अध्यादेशाने शहरी आणि नियोजन क्षेत्रांतले, 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळातले तुकडे शुल्काशिवाय नियमित करायचं ठरवलं. ज्यांची नावं इतर हक्कात होती ती कब्जेदाराच्या रकान्यात जातील. ज्यांच्याकडे नुसती नोटरी आहे त्यांनी दस्त नोंदवून घ्यायचा. बार्शी नाक्यापासून तेलगाव नाक्यापर्यंत अनेक घरांना यामुळे पहिल्यांदा बँकेचं दार उघडेल, आणि कच्च्या-पक्क्या प्लॉटच्या भावातली दरी बुजायला लागेल. म्हणजे स्वस्त प्लॉट महाग होतील. ज्याने आधी घेतला त्याला फायदा, ज्याला अजून घ्यायचाय त्याला तोटा. पंधरा फुटी रस्ता मात्र कागद पक्का झाल्याने तीस फुटी होत नाही, आणि 39 गुंठ्यांच्या नगरात मैदान आणायचं तर आता कुणाचातरी प्लॉट नगरपालिकेने आजच्या भावाने विकत घ्यावा लागेल.